काचघरातल्या ‘रिकाम्या’ कुंड्या : छत बदलताना ढिगात गेलेल्या कंदांचं प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातल्या सार्वजनिक वनस्पती बागेतलं आहे. शहर, बाग आणि माणसं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. त्या काळात तिथल्या संग्रहाची नोंदवही माझ्याकडे होती. त्यामुळे झालेल्या चुकीत माझा वाटा आहे, आणि तो जिथे आहे तिथे तसं लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

बागेत मधोमध एक मोठं काचघर आहे. छताला आता काच नाही, पॉलिकार्बोनेटचे पत्रे आहेत, पण लोक अजून काचघरच म्हणतात. आत तीन भाग. पहिल्यात नेचे, अळूच्या जातीतली झाडं आणि झाडावर वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड. इथे फॉगर चालतो, हवा कायम दमट. दुसऱ्यात निवडुंग आणि शेर-थोराची मंडळी. तिसरा भाग सह्याद्रीतल्या वनस्पतींचा. येणारे लोक पहिल्या दोन भागांत रमतात, फोटो काढतात, आणि तिसऱ्यातून चालत बाहेर पडतात. खरं तर बागेची सगळ्यात मोलाची चीजवस्तू त्या तिसऱ्या भागातच होती.

तिथे कंदीलपुष्पांच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या, पंधराएक जाती होत्या. हरिश्चंद्रगडावरून नोंदली गेलेली सेरोपेजिया लावी होती, पाचगणीचं नाव मिळालेली होती, आणि माळरानावर सगळीकडे दिसणारी साधी खर्पुडीही होती. शेवळं, रानहळद, कळलावी, दीपकाडी, जमिनीवर उगवणाऱ्या आमरी होत्या. जुन्नरच्या कड्यांवरची शिंदळ माकडी होती. तिचं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्यावरून ठेवलेलं.

या सगळ्यांची एक सवय सारखी आहे. पाऊस पडला की उगवायचं, भाद्रपदापर्यंत फुलायचं, दिवाळीच्या सुमारास पिवळं पडायचं आणि मग सहा-सात महिने जमिनीखाली कंद होऊन पडून राहायचं. शिंदळ माकडीला कंद नसतो, पण तीही पानं टाकून नुसत्या मांसल काड्यांवर उन्हाळा काढते. सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, मार्च-एप्रिलमध्ये जिवंत राहायचा हा साधा उपाय आहे. काचघरात मात्र याचा अर्थ असा की वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस या भागातली बहुतेक बाकं कोरड्या मातीच्या कुंड्यांनी भरलेली दिसतात. अनोळखी माणसाला त्या रिकाम्याच वाटणार.

ओळख सांगायला तीन गोष्टी होत्या. कुंडीवर ऑइलपेंटने रंगवलेला क्रमांक, मातीत खोचलेली प्लॅस्टिकची पट्टी, आणि माझ्याकडची वही. वहीत प्रत्येक क्रमांकापुढे जातीचं नाव, कुठून आणली, कधी आणली, कोणी आणली, एवढं होतं. रंग बऱ्याच कुंड्यांवरून पोपडे धरून उडाला होता. पट्ट्यांवर मार्करने लिहिलेलं. ‘परमनंट’ म्हणून विकला जाणारा मार्कर आपल्याकडच्या उन्हात एखाद-दोन वर्षांत पुसट होतो, हे मला माहीत होतं. पट्ट्या पुन्हा लिहायचं काम मी दोन वर्षं पुढे ढकलत आले होते. हा माझा वाटा.

अडचण कशी उभी राहिली

छताचे पत्रे जुने होऊन ठिसूळ झाले होते, पावसात चार-पाच ठिकाणी धार लागायची. दुरुस्तीची मंजुरी जानेवारीच्या शेवटी आली आणि निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवा होता. ज्यांनी सरकारी किंवा पालिकेच्या कामात एक वर्ष जरी काढलं आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

झाडं हलवायला हा काळ वाईट नव्हता. उलट कंद झोपलेले असताना हलवणं सगळ्यात सुरक्षित: मुळं तुटत नाहीत, वेल मोडत नाहीत. वनस्पतीच्या दृष्टीने सर्वांत चांगला काळ आणि ओळखीच्या दृष्टीने सर्वांत वाईट काळ एकच होता, आणि आम्ही फक्त पहिली बाजू पाहिली. बैठकीत मी स्वतः म्हटलं होतं, “कंद झोपलेत, आत्ताच हलवून घेऊ.”

मागच्या मोकळ्या जागेत हिरव्या शेडनेटचा तात्पुरता मांडव उभारला. कुंड्या हलवायला ठेकेदाराची रोजंदारीवरची माणसं आली. त्यांना सूचना काय दिली होती ते नंतर मी विचारून घेतलं: “आधी झाडं न्या. रिकाम्या कुंड्या शेवटी.” ही सूचना कोणी वाईट हेतूने दिलेली नव्हती. पण त्या एका शब्दाने पुढचं सगळं ठरलं. झाडं गेली, ‘रिकाम्या’ कुंड्या मागे राहिल्या. दुसऱ्या दिवशी नेच्यांच्या कुंड्या बदलायला मातीच्या आणि मोकळ्या कुंड्या लागल्या, आणि कोणीतरी बाकावरच्या कोरड्या कुंड्या उपड्या करून माती भिंतीलगतच्या ढिगावर टाकायला सुरुवात केली.

मी त्या दिवशी कार्यालयात बसून हलवाहलवीची यादी टाइप करत होते. दुपारी माळीकाका आले. तीस वर्षं त्या बागेत काढलेला माणूस. हातात मूठभर माती आणि त्यात तीन चपटे, बटाट्याच्या काचरीएवढे कंद.

“ताई, हे बघा की, ढिगात काय गावलं.”

आम्ही दोघं पळतच गेलो. मागच्या बाकावरच्या अडुसष्ट कुंड्यांपैकी एकेचाळीस उपड्या झालेल्या होत्या. धुतलेल्या कुंड्या उन्हात वाळत होत्या आणि त्यांवरचा उरलासुरला रंगही धुण्यात गेला होता. पट्ट्या एका घमेल्यात गोळा करून ठेवलेल्या होत्या, कारण प्लॅस्टिक मातीत जाऊ नये अशी बागेची पद्धत होती. ज्याने त्या वेचल्या त्याने आपलं काम नीटच केलं होतं.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी अधीक्षक साहेब, माळीकाका, जवळच्या महाविद्यालयातल्या एक प्राध्यापक बाई आणि मी असे चौघं बसलो.

पहिला पर्याय साहेबांनी मांडला: वहीत नावं आहेत, पट्ट्या आहेत, कंद चाळून काढा, लावा आणि अंदाजाने पट्ट्या खोचा. पावसाळ्यात चुकलेल्या दुरुस्त करू. त्यांच्यावर उद्घाटनाचा दबाव होता. नवं छत लोकांसाठी १५ ऑगस्टला उघडायचं ठरलेलं.

दुसरा पर्याय होता तो भाग सोडून द्यायचा आणि येत्या पावसाळ्यात वनखात्याची परवानगी घेऊन जंगलातून पुन्हा गोळा करायचं. मला हा विचारच सहन झाला नाही. यातल्या काही जाती एखाद्या गडाच्या दोन-चार कडांवरच तग धरून आहेत. खर्पुडीचे कंद माणसं खातात, साळिंदर आणि रानडुक्कर उकरतात, गुरं वेल चरतात. तिथून आपल्या निष्काळजीपणाची भरपाई म्हणून आणखी कंद उचलायचे, हे कुठल्याच हिशोबात बसत नव्हतं.

तिसरा पर्याय दुसऱ्या बागांकडे हात पसरायचा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कंदीलपुष्पांवर अनेक वर्षं काम झालेलं आहे, तिथे यातल्या बऱ्याच जाती राखलेल्या आहेत. जातींसाठी हे शक्य होतं. पण आमच्या वहीतला ‘अमुक गावच्या सड्यावरून, अमुक साली’ असा कंद दुसऱ्या कोणाकडे कसा असणार?

चौथा प्राध्यापक बाईंचा. ढीग जसा पडला आहे तसा, थराथराने उकलायचा. प्रत्येक कंदाला नवा क्रमांक द्यायचा, नाव द्यायचं नाही. पाऊस येऊ द्यायचा, फूल येऊ द्यायचं, आणि मग फुलाला विचारायचं.

वाद झाला तो पहिल्या आणि चौथ्या पर्यायात. साहेबांचं म्हणणं सरळ होतं: “मॅडम, उद्घाटनाला लोक येणार, आणि आपण त्यांना ‘अनोळखी’ लिहिलेल्या पाट्या दाखवायच्या का?” मी म्हटलं, होय, तेच दाखवायचं. चुकीची पट्टी एकदा खोचली की ती खरी मानली जाते. वर्षभराने कोणी विद्यार्थी तिच्यावरून नमुना नेतो, कोणी दुसरी बाग तिच्यावरून कंद मागून घेते, आणि चूक आपल्या हाताबाहेर जाते. रोपवाटिका आणि वनस्पती बाग यांत फरक आहे तो नोंदींचाच. झाडं दोन्हीकडे असतात.

दापोडीचं उदाहरण मला त्या वेळी सुचलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. पुण्याजवळ दापोडीला १८२८ मध्ये सुरू झालेली बाग आज राहिलेली नाही. पण तिथले अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात तिथे करवून घेतलेली वनस्पतींची चित्रं एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत, आणि बागेत काय होतं ते आज आपल्याला त्यांवरून कळतं. साहेबांनी ऐकून घेतलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “ठीक आहे. पण पाटीवर नुसतं अनोळखी नको, काय झालं ते लिहा.” याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. अधिकाऱ्याने आपल्याच बागेची चूक पाटीवर लिहू देणं सोपं नसतं.

काय केलं

ढिगाभोवती दोरी बांधली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून कामाला लागलो. माळीकाका, दोन माळी, महाविद्यालयाच्या सहा मुली आणि मी.

एक गोष्ट आमच्या बाजूने होती. कंद झोपल्यापासून त्या कुंड्यांना पाणी नव्हतं, त्यामुळे माती आवळून घट्ट झाली होती. कुंडी उपडी केल्यावर ती भुगा होऊन पसरत नाही; लहान मुलं वाळूत वाटी उपडी करून खेळतात तसा कुंडीच्या आकाराचा गोळा पडतो, तळाची खापरी वर आणि कंद आत. ढिगातले सोळा गोळे असे अख्खे निघाले. काकांनी ते खुरप्याने न छेडता दोन्ही हातांनी ओंजळीत धरून गोणपाटावर ठेवले. फुटलेले गोळे बारीक चाळणीने चाळले. वरचा थर शेवटच्या कुंड्यांचा, खालचा पहिल्यांचा, हे धरून प्रत्येक थराची माती वेगळ्या गोणपाटावर.

मग एका मुलीने मोबाइलमध्ये डिसेंबरातला एक फोटो काढून दाखवला. प्रकल्पासाठी तिने त्या बाकाचा घेतला होता. कुंड्यांची रांग दिसत होती, आणि मोठा करून पाहिल्यावर अकरा क्रमांक वाचता येत होते. थरांचा क्रम आणि फोटोतली रांग शेजारी ठेवून ‘शक्यता’ असा एक वेगळा रकाना आम्ही वहीत आखला. निश्चित रकाना आणि शक्यतेचा रकाना एकमेकांत मिसळायचे नाहीत, हे तेव्हाच ठरवलं.

एकूण ५८ कंद निघाले. एकवीस पाहताक्षणी निदान गटाने ओळखू आले: शेवळ्याचा मोठा कंद, रानहळदीची बोटं, दीपकाडीचा कांदा, आमरीचे जोडकंद. उरलेले सदतीस कंदीलपुष्पाचे. चपटे, गोल, तपकिरी, एकमेकांची भावंडं. तेरा कंदांना खुरप्याची किंवा पायाची जखम होती. ते दोन दिवस सावलीत सुकवून, जखमेला बुरशीनाशक लावून मगच लावले. माती मुरूम, विटांचे तुकडे आणि थोडं पालाखत अशी निचऱ्याची. पट्ट्या या वेळी पेन्सिलीने लिहिल्या. पेन्सिल उन्हाने उडत नाही. एक पट्टी मातीत गाडली, एक वर.

याच धावपळीत दुसरीकडे लक्ष राहिलं नाही. तात्पुरत्या मांडवात नेचे आणि शिंदळ माकडी एकाच तुषाराखाली आली होती. तुषाराला टायमर, सकाळ-संध्याकाळ. नेच्यांना ते हवंच होतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी शिंदळ माकडीची एक काडी धरली तर ती बोटांत दबली, उकडलेल्या शेंगेसारखी. बुडाशी पूर्ण कुजलेली. नऊ कुंड्यांपैकी सहा गेल्या. उरलेल्या तिनांची टोकं कापून, चिरा सुकेपर्यंत सावलीत ठेवून कोरड्या वाळूत लावली. काड्यांपासून ती सहज जगते म्हणून निभावलं. सह्याद्रीच्या कड्यावर एप्रिलमध्ये पाणी नसतं, आणि ते नसणं हीच तिची गरज आहे, हे त्या बागेत मी कोणाला सांगितलेलंच नव्हतं. काकांनाही नाही.

काय झालं

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिले कोंब दिसले. सदतीसपैकी अठ्ठावीस कंद त्या पावसाळ्यात उगवले. उभी वाढणारी लावी पानांवरूनच वेगळी काढता आली. सेरोपेजिया हिर्सुटा या दुसऱ्या जातीची पानं भिंगाखाली केसाळ दिसली. पण बहुतेकांसाठी फुलाचीच वाट पाहावी लागली.

ऑगस्टमध्ये फुलं येऊ लागली आणि रोज सकाळी काचघर उघडायच्या आधी आम्ही तिथे असायचो. कंदीलपुष्प पाहिलं नसेल तर सांगते: खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा, अगदी आकाशकंदिलासारखं. बारीक माश्या वासाने आत शिरतात. नळीतले केस खाली वळलेले असतात, त्यामुळे माशीला परत वर येता येत नाही. केस कोमेजले की ती परागांची जोडी घेऊन सुटते. पिंजऱ्याची ठेवण, नळीची लांबी, आतले ठिपके यांवरून जात ठरते. प्राध्यापक बाई फूल न तोडता भिंगातून पाहायच्या आणि मुली लिहून घ्यायच्या.

पहिल्या वर्षी सतरा, दुसऱ्या वर्षी आणखी सात, अशा चोवीस कंदांची जात ठरली. पहिल्या वर्षी न उगवलेल्या नवांपैकी तीन दुसऱ्या पावसात उगवले. कंद कधी कधी एखादं वर्ष चुकवतो, म्हणून त्या कुंड्या आम्ही ठेवल्या होत्या.

मात्र जात परत मिळणं म्हणजे नोंद परत मिळणं नव्हे. ज्या जातीचा आमच्याकडे एकाच ठिकाणाहून आणलेला कंद होता, तिथे जात कळली की ठिकाणही कळलं. असे दहा. उरलेले चौदा अशा जातींचे होते ज्या दोन किंवा अधिक ठिकाणांहून आणलेल्या. खर्पुडीचे काही कंद साताऱ्याच्या बाजूचे, काही नाशिकच्या. आता समोर खर्पुडी आहे, फूल खर्पुडीचं आहे, पण ती कुठली ते तिला विचारता येत नाही. थर आणि फोटो यांवरून पाचांना ‘शक्यता’ देता आली. नवांपुढे मी ‘उगम अज्ञात’ लिहिलं. उद्या एखाद्या सड्यावरून ती जात संपली आणि तिथे परत लावायची वेळ आली, तर हे नऊ कंद वापरता येणार नाहीत. दाखवायला आणि शिकवायला चालतील, तेवढंच.

१५ ऑगस्टला काचघर उघडलं तेव्हा तिसऱ्या भागात पाटी होती: या कुंड्या रिकाम्या समजून उपड्या केल्या गेल्या, आतले कंद आम्ही शोधून पुन्हा लावले आहेत, फूल आल्यावर नाव लिहू. ज्या भागातून लोक न थांबता जायचे तिथे त्या वर्षी ते थांबून वाचत होते. एक आजोबा दर रविवारी यायचे आणि काकांना विचारायचे, “कुणाचं नाव लागलं का?”

आता वेगळं काय करू

सगळ्यात आधी यादी. हलवाहलवीची यादी बाकावर काय दिसतं यावरून करू नये, वहीवरून करावी. वहीतला प्रत्येक क्रमांक निघताना एकदा आणि पोचल्यावर एकदा खूण करून पाहायचा. मी यादी करत होते हे खरं, पण कुंड्या हलत असताना करत होते. ती आठवडाभर आधी हवी होती. निधीची घाई हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. एक दिवस मागून घेतला असता तर साहेबांनी दिला असता असं आता वाटतं.

‘रिकामी कुंडी’ हा शब्द आम्ही बागेतून काढून टाकला. झोपलेल्या कंदाच्या कुंडीत लाल रंगवलेली बांबूची काडी खोचतो, आणि लाल काडी म्हणजे पाणी नाही, हात नाही, हे रोजंदारीवर आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी दाखवतो. ही कल्पना काकांची. बैठकीला त्यांना बोलावलं असतं तर ती फेब्रुवारीतच मिळाली असती. आमच्या बैठकीत अभियंता होते, ठेकेदार होता, मी होते. कुंड्यांना रोज हात लावणारं कोणी नव्हतं.

पाण्याच्या गरजेवरून गट पाडून मगच मांडव उभारायचा, हे शिंदळ माकडीने शिकवलं. त्यासाठी सहा कुंड्या जायला नको होत्या.

दुसरा संच दुसरीकडे ठेवण्याबद्दल मात्र मी अजून पूर्ण समाधानी नाही. रवांडातल्या एका गरम झऱ्याच्या काठावर सापडलेलं निम्फिया थर्मेरम हे चिमुकलं कमळ झऱ्याचं पाणी वळवल्यावर तिथून नाहीसं झालं आणि जर्मनीतल्या बॉनच्या व लंडनच्या क्यू बागेच्या काचघरांमुळे वाचलं. जानेवारी २०१४ मध्ये क्यूमधून त्यातलं एक रोप चोरीला गेलं, तरी जात गेली नाही, कारण तोवर तिची बरीच रोपं झाली होती. आम्ही आता प्रत्येक नोंदीचा निदान एक कंद दुसऱ्या बागेत द्यायला सुरुवात केली आहे. पण काही जातींचा आमच्याकडे एकच कंद आहे, आणि बी धरेपर्यंत तो वाटता येत नाही. कुठल्या कंदाला आधी बी धरायला लावायचं, हाताने परागीकरण करायचं की माश्यांवर सोडायचं, यावर अजून चर्चा चालू आहे.

सात वेल उगवतात पण अजून फुललेले नाहीत. सहा कुंड्यांतून दोन पावसांत काहीच वर आलेलं नाही. काकांनी त्यांतल्या एकीची माती बोटाने हलकेच बाजूला करून पाहिली: कंद आहे, घट्ट आहे, कुजलेला नाही. माती परत सारखी केली आणि लाल काडी खोचली.